टू-डी प्लॅटफॉर्मरचा स्क्रोलिंग कॅमेरा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्लॅटफॉर्मर म्हणजे पळत, उड्या मारत पुढे जायचा गेम. तो बनवताना प्लेअर पळतो, उडी मारतो, सगळं छान चालू असतं आणि मग लेव्हल स्क्रीनपेक्षा मोठी झाली की प्रश्न सुरू होतात. गेम बनवायचं इंजिन कुठलंही असो, गोडो, युनिटी, नाहीतर स्वतः लिहिलेला लूप, प्रश्न तेच असतात. खालचे सगळे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत: स्क्रीन ३२० बाय १८० पिक्सेल, टाइल (लेव्हल ज्या चौकोनी तुकड्यांनी बनते तो एक तुकडा) १६ बाय १६, लेव्हल २०० टाइल लांब आणि ३० टाइल उंच, म्हणजे ३२०० बाय ४८० पिक्सेल. वाय खालच्या दिशेने वाढतो असं धरलंय.

कॅमेरा म्हणजे कोडमध्ये नक्की काय असतं?

दोन आकडे. कॅमेरा एक्स आणि कॅमेरा वाय, म्हणजे स्क्रीनचा डावा-वरचा कोपरा लेव्हलमध्ये कुठे आहे ते. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून ते मोठ्या नकाशावर सरकवलं तर जे होतं तेच इथे होतं, नकाशा जागचा हलत नाही. चित्र काढताना फक्त वजाबाकी:

स्क्रीन एक्स = जगातला एक्स − कॅमेरा एक्स

प्लेअर लेव्हलमध्ये १००० वर आहे आणि कॅमेरा ८५० वर, तर स्क्रीनवर तो १५० ला दिसणार. झालं. बरेच जण सुरुवातीला उलटं करतात, प्लेअर मध्यभागी ठेवून सगळ्या टाइल्स, शत्रू, नाणी डावीकडे सरकवत राहतात, आणि मग कोलिजन (वस्तू एकमेकांना धडकल्या का ते तपासणं) बिघडतं, शत्रूचं गस्त घालायचं ठिकाण बिघडतं, सेव्ह पॉइंट बिघडतात, आणि कुठून काय बिघडलं ते सापडत नाही. जगातल्या कुठल्याही वस्तूची पोझिशन कॅमेऱ्यासाठी बदलायची नाही. स्कोअर, हार्ट्स, पॉज बटण यांना ही वजाबाकी लावायची नाही, ते स्क्रीनलाच चिकटलेले राहतात. आणि माउस किंवा टचने जगातलं काही निवडायचं असेल तर उलट बेरीज, स्क्रीनच्या आकड्यात कॅमेरा मिळवायचा.

प्लेअरला सरळ मध्यभागी ठेवला तर काय बिघडतं?

पहिल्या दिवशी तसाच ठेवा. कॅमेरा एक्स = प्लेअर एक्स − १६०, कॅमेरा वाय = प्लेअर वाय − ९०. यावर गेम चालतो, बाकीचं काम पुढे सरकतं.

पण खेळून बघितलं की दोन गोष्टी लगेच खटकतात. एक, प्लेअर जरा हलला की अख्खं जग हलतं, आणि उडी तर बघवत नाही, ४८ पिक्सेलची उडी मारली की पूर्ण बॅकग्राउंड ४८ खाली जाऊन परत ४८ वर येतं, तेही एका सेकंदाच्या आत. खड्ड्यांची रांग असेल तर खेळणाऱ्याचे डोळे दुखतात. दोन, अर्धी स्क्रीन प्लेअरच्या मागे वाया जाते. जिथून आलो ते बघून काय करायचंय, पुढे कुठे पाय ठेवायचा ते दिसायला हवं. माझं म्हणणं इथून शेवटपर्यंत हेच आहे: कॅमेरा प्लेअरला दाखवण्यासाठी नसतो, प्लेअर पुढचा निर्णय कशाच्या जोरावर घेणार ते दाखवण्यासाठी असतो. पुढचे बरेचसे नियम यातूनच निघतात.

लेव्हलच्या टोकाला गेलो की काळं दिसतं, ते कसं थांबवू?

क्लॅम्प, म्हणजे आकडा दोन मर्यादांच्या आतच ठेवणं. कॅमेरा एक्स शून्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ३२०० − ३२० म्हणजे २८८० च्या वर जाऊ द्यायचा नाही. वायसाठी शून्य ते ३००. क्लॅम्प सगळ्यात शेवटी करायचा, बाकी सगळी गणितं झाल्यावर, नाहीतर नंतरची एखादी ओळ परत कॅमेरा बाहेर ढकलते.

एक केस विसरली जाते. एखादी बोनस रूम स्क्रीनपेक्षा लहान असेल तर कमाल मर्यादा मायनसमध्ये जाते आणि क्लॅम्प विचित्र वागतो. तिथे आधी तपासा, लेव्हल लहान असेल तर सरळ मधोमध ठेवा: (लेव्हलची रुंदी − स्क्रीनची रुंदी) ÷ २.

गोडोमध्ये कॅमेरा टूडी नोडलाच लेफ्ट, राइट, टॉप, बॉटम अशा लिमिट असतात, आधीपासून त्या चारही बाजूंना एक कोटी पिक्सेल लांब असतात म्हणून नवीन माणसाला वाटतं की लिमिट चालतच नाही. आकडे भरा, चालतात. युनिटीत सिनेमशीन या कॅमेरा पॅकेजचा कन्फाइनर टूडी हेच काम करतो.

डेडझोन म्हणजे काय आणि केवढा ठेवायचा?

स्क्रीनच्या मध्ये एक पट्टा कल्पना करा. प्लेअर त्या पट्ट्याच्या आत आहे तोवर कॅमेरा हलणार नाही, पट्ट्याच्या कडेला धडकला की कडेसकट कॅमेरा ढकलणार.

जर प्लेअरचा स्क्रीन एक्स १७६ पेक्षा जास्त, तर कॅमेरा एक्स = प्लेअर एक्स − १७६
जर १४४ पेक्षा कमी, तर कॅमेरा एक्स = प्लेअर एक्स − १४४

१९९१ च्या सॉनिकमध्ये हा पट्टा फक्त १६ पिक्सेलचा होता, ३२० च्या स्क्रीनवर १४४ ते १६०. आणि कॅमेरा एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर चित्र एकदा नव्याने काढलं जातं तेवढ्यात, जास्तीत जास्त १६ पिक्सेल सरकायचा. एवढासा पट्टा सुद्धा पुरतो, कारण त्याचं काम फक्त बारीक हालचाली गिळणं हे आहे, प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून थोडं पुढे थोडं मागे करतो ना आपण, तेवढंच.

पट्टा मोठा केला की कॅमेरा शांत वाटतो म्हणून लोक तो १००-१२० पिक्सेलचा करून ठेवतात, आणि इथेच गाडी अडकते. उजवीकडे पळणारा प्लेअर कायम पट्ट्याच्या उजव्या कडेला चिकटलेला असतो, म्हणजे जितका पट्टा मोठा तितकं पुढचं कमी दिसणार. ३२ च्या पट्ट्यात समोर १४४ पिक्सेल उरतात. प्लेअर सेकंदाला १८० पिक्सेल पळत असेल तर समोरचा काटा दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत ०.८ सेकंद. १२० च्या पट्ट्यात समोर १०० पिक्सेल, जेमतेम अर्धा सेकंद. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या गेमसाठी एकदा करावाच, समोर दिसणारे पिक्सेल भागिले वेग, हाच खेळणाऱ्याला विचार करायला मिळणारा वेळ आहे.

मग पुढचं जास्त कसं दाखवायचं?

लुकअहेड. प्लेअर उजवीकडे चाललाय तर कॅमेरा ४० पिक्सेल अजून उजवीकडे न्यायचा. प्लेअर स्क्रीनवर १२० ला येतो, समोर २०० पिक्सेल मोकळे, वेळ १.१ सेकंद. फरक खेळताना लगेच जाणवतो.

पण दिशा बदलली की कॅमेरा ८० पिक्सेल उलट्या बाजूला जाणार, आणि खेळणारा जागेवरच डावं-उजवं दाबत असेल तर स्क्रीन झोके खाते. यावर उपाय असा की बटण बघून बाजू बदलायची नाही. वळल्यानंतर प्लेअर खरंच काही अंतर, समजा २४ पिक्सेल, त्या दिशेला चालला तरच बाजू बदलायची, आणि बदलतानाही ऑफसेट, म्हणजे हे ४० पिक्सेलचं जास्तीचं सरकणं, एका ठराविक वेगाने सरकवायचा, सेकंदाला १०० पिक्सेल वगैरे. सुपर मारिओ वर्ल्ड, १९९० चा, यात हाच विचार आहे: मारिओ ज्या बाजूला चालतो तिकडे जास्त जागा सुटते, आणि उलट दिशेला एका रेषेपलीकडे गेल्याशिवाय कॅमेरा बाजू बदलत नाही. वर एल आणि आर बटणांनी खेळणारा स्वतः कॅमेरा सरकवू शकतो. हा गेम घेऊन नुसतं डावं-उजवं करत स्क्रीनकडे बघा, खूप शिकायला मिळतं.

उडी मारली की कॅमेरा वरखाली होतो, तो कसा थांबवायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याचंच उत्तर लोक सगळ्यात कमी मनावर घेतात. आडव्या दिशेचा नियम उभ्या दिशेला तसाच लावायचा नाही. आडवं पळणं म्हणजे कुठेतरी जाणं, पण उडी बहुतेक वेळा परत त्याच उंचीवर येते, तिच्यामागे धावायचं कारणच नाही.

करायचं असं. प्लेअर जमिनीवर उभा असताना त्याचे पाय स्क्रीनवर एका ठराविक रेषेवर असावेत, समजा वाय १२४. उडी मारली की कॅमेरा वाय गोठवायचा. प्लेअर जिथे उतरेल तिथली जमीन बघायची, तीच उंची असेल तर काहीच करायचं नाही, वेगळी असेल तर कॅमेरा हळूच सरकवून नवी जमीन परत १२४ वर आणायची. याला प्लॅटफॉर्म स्नॅपिंग म्हणतात.

एक उडी आकड्यात बघू. पाय १२४ वर, प्लेअर २४ पिक्सेल उंच. ४८ ची उडी, टोकाला पाय ७६ वर आणि डोकं ५२ वर, स्क्रीनचा वरचा भाग अजून मोकळाच आहे, कॅमेरा हलवायची गरज कुठे पडली? आता तो दोन टाइल उंच प्लॅटफॉर्मवर उतरला. पाय ९२ वर. आता कॅमेरा ३२ पिक्सेल वर सरकतो, साधारण पाव ते अर्ध्या सेकंदात, आणि तो सरकत असताना प्लेअर उभा असतो किंवा आडवा चालत असतो, त्यामुळे नजरेला त्रास होत नाही.

पण गोठवलेला कॅमेरा गोठलेलाच राहिला तर प्लेअर खड्ड्यात पडताना स्क्रीनबाहेर जाईल, स्प्रिंगवर उडाला तर वरून निसटेल. म्हणून दोन सुरक्षा रेषा हव्यात. पाय १४० च्या खाली गेले किंवा डोकं ३० च्या वर गेलं की स्मूदिंग-बिमूदिंग काही नाही, कॅमेरा थेट त्या रेषेसोबत ओढला जाईल. पडताना तर खालचं बघणं जास्त गरजेचं असतं, लांब पडत असेल तर रेषा हळूहळू वर घेत जा म्हणजे खाली जास्त दिसेल. कॅमेऱ्याच्या उभ्या वेगाला कमाल मर्यादा लावली असेल तर ती पडण्याच्या कमाल वेगापेक्षा जास्त आहे ना ते नक्की तपासा.

शिडी, दोर, पोहणं, उडण्याची पॉवर, यात जमीन नावाची गोष्टच नसते. तिथे साधा उभा डेडझोन लावा. उतारांचा गेम असेल तरी स्नॅपिंग एकटं पुरत नाही. सॉनिकमध्ये हवेत असताना वर-खाली ३२ पिक्सेलची मोकळीक आहे, आणि जमिनीवर आला की कॅमेरा त्याला परत ठरलेल्या उंचीवर आणतो, सावकाश चालत असेल तर फ्रेमला ६ पिक्सेलपर्यंत, जोरात पळत असेल तर जास्त वेगाने.

सगळीकडे लर्प वापरा सांगतात, तो वापरू की नको?

लर्प म्हणजे टार्गेटकडे, जिथे कॅमेऱ्याने पोचायचं त्या जागेकडे, थोडं थोडं सरकत जाणं. वापरा, पण कुठे ते बघून. नेहमीची ओळ अशी असते:

कॅमेरा = कॅमेरा + (टार्गेट − कॅमेरा) × ०.१

दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग. यात दोन अडचणी आहेत. पहिली फ्रेमरेटची. सेकंदाला ६० फ्रेम असताना अर्धं अंतर कापायला साधारण ०.११ सेकंद लागतात, १४४ च्या मॉनिटरवर ०.०४६, आणि ३० वर घसरलेल्या फोनवर ०.२२. म्हणजे तोच गेम तीन ठिकाणी तीन तऱ्हेने वागतो. म्हणून ०.१ च्या जागी हे लिहा:

१ − ई चा (−के × डेल्टा) घात

ई म्हणजे गणितातला २.७१८ हा आकडा, डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेले सेकंद, आणि के म्हणजे पाठलाग किती चपळ ते ठरवणारा आकडा. के साधारण ६.३ ठेवला की ६० फ्रेमला जुन्या ०.१ सारखंच वाटतं आणि बाकी ठिकाणीही तसंच राहतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एकसारख्या वेगाने पळणाऱ्या टार्गेटमागे लर्प कायम मागे राहतो, आणि किती मागे तर वेग भागिले के. १८० ÷ ६.३ म्हणजे जवळजवळ २९ पिक्सेल. कॅमेरा २९ ने मागे म्हणजे प्लेअर २९ ने पुढच्या कडेकडे सरकला. जितका जोरात पळणार तितकं पुढचं कमी दिसणार! नेमकं नको ते. म्हणून आडव्या पाठलागाला लर्प लावू नका, तिथे डेडझोनची कड थेट ढकलू दे. लुकअहेडचा ऑफसेट बदलताना आणि जमीन बदलल्यावर उभं सरकताना लर्प लावा, तिथे तो छान काम करतो.

प्लेअर किंवा बॅकग्राउंड थरथरतं, कारण काय?

तीन कारणं असतात, याच क्रमाने तपासा.

आधी क्रम. कॅमेरा प्लेअरच्या आधी अपडेट होत असेल तर तो एक फ्रेम जुन्या जागेचा पाठलाग करतो. प्लेअर हलला, कोलिजन झालं, मग कॅमेरा, मग चित्र. युनिटीत म्हणून कॅमेरा लेट अपडेटमध्ये, म्हणजे बाकी सगळं अपडेट झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, लिहितात.

मग टिक, म्हणजे फिजिक्सचा हिशोब किती वेळाने होतो ते. युनिटीत फिजिक्स आधीपासून ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतं, स्क्रीन ६० वेळा. काही फ्रेमना प्लेअर हललेलाच नसतो पण कॅमेरा सरकतो, ती थरथर. रिजिडबॉडी (प्लेअरला फिजिक्स लावणारा भाग) याचं इंटरपोलेट चालू करा, म्हणजे दोन टिकच्या मधली जागा तो भरून काढतो. गोडोत फिजिक्स ६० टिकला चालतं, तिथे कॅमेऱ्याचा प्रोसेस कॉलबॅक फिजिक्सवर ठेवा, किंवा ४.३ पासून टू-डीसाठी आलेलं फिजिक्स इंटरपोलेशन वापरा.

आणि तिसरं, पिक्सेल आर्ट करणाऱ्यांचं खास दुखणं, राउंडिंग. प्लेअर फ्रेमला १.३ पिक्सेल चालतोय आणि कॅमेरा त्याच्या बरोबर ८०.३ मागे आहे:

प्लेअर १००.४, कॅमेरा २०.१. राउंड करून १०० आणि २०, फरक ८०.
प्लेअर १०१.७, कॅमेरा २१.४. राउंड करून १०२ आणि २१, फरक ८१.
प्लेअर १०३.०, कॅमेरा २२.७. राउंड करून १०३ आणि २३, फरक ८०.

अंतर खरं तर एकच आहे पण स्क्रीनवर प्लेअर ८०, ८१, ८० असा नाचतो. उपाय हा की प्लेअरची खरी पोझिशन दशांशातच ठेवा, पण चित्र काढायला जो राउंड केलेला आकडा वापरता तोच कॅमेऱ्याला द्या. डेडझोनची कड पूर्णांक असली की कॅमेराही पूर्णांकच येतो आणि फरक पक्का राहतो.

लेव्हल मोठी झाली की गेम स्लो होतो, सगळ्या टाइल्स काढायच्या का?

नाही. पहिला कॉलम = कॅमेरा एक्स ÷ १६ खाली राउंड करून, शेवटचा = (कॅमेरा एक्स + ३१९) ÷ १६ खाली राउंड करून. ओळींचंही तसंच. जास्तीत जास्त २१ कॉलम आणि १३ ओळी, म्हणजे ६००० पैकी २७३ टाइल्स. इंजिनचा टाइलमॅप वापरत असाल तर ही काळजी तोच घेतो. शत्रूंना जागं करायचं काम मात्र आपलंच, आणि ते स्क्रीनच्या कडेपासून एक-दोन टाइल बाहेर करा, नाहीतर ते डोळ्यांसमोर उगवतात.

एकेकाळी हे केवढं अवघड होतं बघा. निन्टेन्डोच्या एनईएस या गेम कन्सोलमध्ये स्क्रोलिंगची सोय हार्डवेअरमध्येच होती, त्या काळच्या पीसीवर तसं गुळगुळीत स्क्रोलिंग मिळायचं नाही. १९९० मध्ये प्रोग्रामर जॉन कार्मॅकने कमांडर कीन या गेमसाठी अशी युक्ती काढली की स्क्रीन सरकल्यावर ज्या टाइल्स खरंच बदलल्या तेवढ्याच परत काढायच्या, आणि साध्या पीसीवर गेम गुळगुळीत सरकायला लागला.

पॅरॅलॅक्स बॅकग्राउंड कसं करायचं?

पॅरॅलॅक्स म्हणजे लांबचे थर जवळच्यापेक्षा हळू सरकवणं. लेयरचा ऑफसेट = कॅमेरा × गुणक. लांबच्या डोंगरांना ०.२, जवळच्या झाडांना ०.५, खेळायच्या थराला १. १९८२ च्या मून पॅट्रोलपासून हीच युक्ती चालत आलीय. चित्र परत परत जोडताना बाकी काढतो तेव्हा लक्ष ठेवा, जावास्क्रिप्ट आणि सी मध्ये मायनस आकड्याची बाकी मायनसच येते, पायथनमध्ये प्लस येते. बॅकग्राउंडला अचानक फट पडली तर आधी हेच बघा.

मारिओसारखं मागे जाऊच द्यायचं नसेल तर?

१९८५ च्या पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये स्क्रीन डावीकडे परत येत नाही. एक ओळ: नवा कॅमेरा एक्स = जुना आणि नवा यातला मोठा. सोबत डाव्या कडेला न दिसणारी भिंत.

स्क्रोल न करता रूम-रूमने केलं तर चालेल का?

चालेल काय, पहिल्या गेमला तेच करा असं मी सांगेन. २०१८ चा सेलेस्ट ३२० बाय १८० वरच आहे आणि त्यातल्या कितीतरी रूम एका स्क्रीनमध्ये मावतात. पूर्ण अडथळा आधीच दिसतो, त्यामुळे अवघड उड्या ठेवल्या तरी अन्याय वाटत नाही. रूम बदलताना अर्धा सेकंद प्लेअर थांबवा आणि कॅमेरा सरकवा, तेवढंच.

शेक टाकला की कॅमेरा हळूहळू भलतीकडे जातो

कारण शेक, म्हणजे धक्क्याच्या वेळी स्क्रीन हलवणं, कॅमेऱ्याच्या पोझिशनमध्येच मिळवलाय. वेगळा ऑफसेट ठेवा, चित्र काढतानाच मिळवा, आणि लेव्हलच्या कडेबाहेर एक टाइल जास्तीची काढून ठेवा म्हणजे काळी रेघ चमकणार नाही. सेटिंगमध्ये शेक बंद करायची सोय द्याच, काही लोकांना खरंच गरगरतं.

प्लेअर मेल्यावर कॅमेरा अख्खी लेव्हल सरपटत परत येतो

रीस्पॉन (मेल्यावर परत सुरू होणं), दार, टेलिपोर्ट, तिन्ही ठिकाणी कॅमेरा थेट टार्गेटवर बसवा, लुकअहेडचा ऑफसेटही रीसेट करा. गोडोत याला रीसेट स्मूदिंग नावाचं फंक्शन आहे.

फोनवर कॅमेरा वेगळाच वाटतो, का?

आपल्याकडे गेम टेस्ट करायला देणार म्हणजे तो फोनवरच खेळला जाणार, म्हणून हे आधीच बघा. २० बाय ९ चे फोन असतात, १६०० बाय ७२० च्या फोनवर चार पटीने ४०० बाय १८० दिसतं, २४०० बाय १०८० वर सहा पटीने तेवढंच. म्हणजे रुंदी ३२० राहिली नाही. कोडमध्ये ३२० आणि १६० असे आकडे लिहून ठेवले असतील तर क्लॅम्प चुकणार, डेडझोन डावीकडे सरकणार. स्क्रीनची रुंदी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि सगळं मध्यापासून मोजा. दुसरं म्हणजे अंगठे. खालचे दोन्ही कोपरे अंगठ्यांखाली झाकले जातात, त्यामुळे जमिनीची रेषा १२४ वरून ११० च्या आसपास घ्या, नाहीतर समोरचा खड्डा बोटाखालीच लपतो.

माझ्या गेमला कुठले आकडे बरोबर, हे कसं ठरवू?

डिबगचं, म्हणजे फक्त तपासणीसाठीचं, एक बटण ठेवा, ते दाबलं की डेडझोन, लुकअहेडचा बिंदू, जमिनीची रेषा आणि दोन्ही सुरक्षा रेषा स्क्रीनवर रंगात दिसल्या पाहिजेत. गेम चालू असताना आकडे बदलता यायला हवेत, दर वेळी बंद-चालू करावं लागलं तर माणूस कंटाळून पहिलाच आकडा ठेवतो. मग ज्याने लेव्हल कधी बघितली नाही अशा कुणाच्या तरी हातात द्या, तुम्हाला स्वतःला खड्डा कुठे आहे ते पाठ असतं त्यामुळे तुमचं खेळणं इथे उपयोगाचं नाही. मागे उभं राहून बघा, काही सांगू नका, आणि तो "अरे, हे दिसलंच नाही" म्हणून जिथे जिथे मेला ती जागा टाइल नंबरसकट लिहून घ्या. त्या जागी डिबगचं बटण दाबून बघा, समोर किती पिक्सेल दिसत होते आणि वेग किती होता.